सवलतीतलं बेंच ड्रिल: कुठले दोष घरी निघतात, कुठले निघत नाहीत

दसरा-दिवाळीचे सेल लागले की १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारे जबडे) बेंच ड्रिल, म्हणजे टेबलावर बसवायचं उभं ड्रिल मशीन, एकदम परवडेलसं वाटू लागतं. घरी सुतारकाम करणाऱ्याला हे मशीन हवंच असतं, कारण हातातल्या ड्रिलने सरळ भोक पाडायला कितीही सराव असला तरी दहातलं एक तिरकं जातंच. पण स्वस्त बेंच ड्रिल जुळवून, निरखून पाठवलेलं नसतं. ओतकाम झालं, रंग दिला, खोक्यात भरलं, संपलं. त्यामुळे त्यात दोष असणार हे धरूनच चालायचं. प्रश्न एवढाच, की दोष कुठला आहे.

टेबल काटकोनात नसणं, पट्ट्याची धडधड, चक डुलणं, स्विच भिकार असणं, हे सगळं घरी अर्ध्या दिवसात सुधारतं. वाकडा स्पिंडल (चक फिरवणारा दांडा), बसक्या बेअरिंग, झिजलेलं क्विल (स्पिंडलला वर-खाली नेणारी नळी), सगळ्यात कमी वेगच मुळात जास्त असणं आणि कॉलम (मशीनचा उभा खांब) फार जवळ असणं, यावर घरी इलाज नाही. सवलत पहिल्या यादीसाठी मिळत असेल तर बिनधास्त घ्यावं. दुसऱ्या यादीतला एकही दोष असेल तर अर्ध्या किमतीतही घेऊ नये.

किमतीचा हिशेब आधी

छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरचा दुकानदार मात्र बहुधा 'प्लस जीएसटी' भाव सांगतो, आणि या मशीनवर जीएसटी १८ टक्के आहे. समजा ऑनलाइन किंमत ८,५०० रुपये दिसतेय आणि दुकानात ७,४०० सांगितले. कर धरून दुकानातली किंमत ८,७३२ होते, म्हणजे स्वस्त वाटलेला सौदा महाग निघाला. शिवाय मशीन वाइस (काम घट्ट पकडणारा शिकंजा) सोबत आहे का, चक आणि त्याची चावी आहे का, घरपोच कोण देणार, हे विचारल्याशिवाय दोन भावांची तुलना करू नये. 'चाळीस टक्के सूट' या आकड्याला तर काहीच अर्थ नाही. एमआरपी किती छापायची हे कंपनीच्या हातात असतं.

तरीही माझं मत दुकानाच्या बाजूचं आहे. मस्जिद स्टेशनवरून चालत गेलं की नागदेवीला ओळीने हत्यारांची दुकानं आहेत. तिथे मशीन काउंटरवर ठेवून, प्लग लावून, हाताने हलवून बघता येतं. डिस्प्लेचा पीस किंवा खोकं फाटलेला पीस असेल तर भाव आणखी पडतो, आणि तो पीस बंद खोक्यातल्यापेक्षा बरा, कारण तो तपासता येतो. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढून ठेवावा आणि परत पाठवायची मुदत संपायच्या आत खालच्या सगळ्या चाचण्या उरकाव्यात. बरेच जण खोकं तसंच माळ्यावर टाकतात आणि सवड झाली की उघडतात. तोवर मुदत गेलेली असते.

चोरबाजारात किंवा दारुखान्याच्या भंगार बाजारात जुनी देशी पिलर ड्रिलं मिळतात. ओतकाम जाडजूड, बेअरिंग दमदार, आजच्या स्वस्त मशीनपेक्षा कितीतरी सरस. पण आधी मोटरवरची पट्टी वाचायची. ४१५ व्होल्ट, तीन फेज लिहिलं असेल तर घरातल्या सिंगल फेजवर ती चालणार नाही. मोटर बदलावी लागेल किंवा व्हीएफडी (सिंगल फेजवर तीन फेजची मोटर चालवणारा डबा) लावावा लागेल, आणि त्या खर्चात सवलत विरघळते. वजनाचंही बघा. ही मशीनं सहज ऐंशी किलोच्या पुढे जातात. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती चढवणार कोण?

पट्टीवरचे आकडे

'१३ मिमी' म्हणजे चकात मावणाऱ्या दांड्याची जाडी. भोक तेवढंच पडतं असं नाही. ३५ मिमीच्या फोर्स्टनर बिटचा (सपाट तळाचं मोठं भोक पाडणारं बिट) दांडा ८ किंवा १० मिमीचा असतो, तो आरामात बसतो. उलट बाजूला, बऱ्याच १३ मिमी चकांत दीड मिमीपेक्षा बारीक बिट पकडलं जात नाही.

'२०० मिमी ड्रिल' किंवा 'आठ इंची' असं लिहिलेलं असेल तर तो आकडा निम्मा करायचा. स्पिंडलच्या मध्यापासून कॉलमपर्यंत १०० मिमी जागा मिळते, म्हणजे २०० मिमी रुंद फळीच्या बरोबर मध्यापर्यंतच पोचता येतं. ही जागा नंतर वाढवता येत नाही. कपाटाची दारं, खणांचे दर्शनी भाग, खुर्चीचे पाय एवढ्याला १०० पुरते. टेबलाच्या फळीच्या मधोमध भोक हवं असेल तर नाही पुरत.

खरा घोळ वेगात असतो. पाच पायऱ्यांच्या पुलीवर सगळ्यात कमी वेग ५०० ते ६०० आरपीएमच्या आसपास हवा. काही छोट्या मशीनचा कमीत कमी वेगच हजाराच्या वर असतो. ती बारीक भोकांना ठीक, पण मोठं फोर्स्टनर त्यावर लाकूड जाळतं. वेगाचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. दुकानात झाकण उघडून तो वाचावा.

मोटर इंडक्शनची आहे की कार्बन ब्रशची, हे आवाजावरून कळतं. इंडक्शन मोटर घुमते, ब्रशची किंचाळते. सोसायटीत राहणाऱ्याने दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये. पट्टीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे ना, तेही बघा. 'एस२ १५ मिनिटं' असं काही लिहिलं असेल तर त्याचा अर्थ सलग पंधरा मिनिटंच चालवायचं आणि मग मोटर गार होऊ द्यायची. घरकामाला तेवढं चालतं. दोन भोकांच्या मध्ये मोजमाप करण्यातच वेळ जातो.

क्विलचा प्रवास, म्हणजे बिट किती खाली येतं, तो ५० मिमी असतो. टेबल वर-खाली करायला दातेरी पट्टी आणि हँडल असेल तर उत्तम. ते नसलं की टेबल सैल करून हाताने उचलावं लागतं, ते कॉलमभोवती फिरतं आणि साधलेली जागा सुटते. पंधरा-अठरा किलोच्या मशीनमध्ये हे हँडल अनेकदा नसतं, तीस-पस्तीस किलोच्यात बहुधा असतं.

दुकानात करायच्या दोन चाचण्या

पहिली, क्विलचा खेळ. हँडल ओढून क्विल पूर्ण खाली आणा, चक मुठीत धरा आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा. बोटांना स्पष्ट 'टकटक' जाणवली तर क्विल सैल आहे. कितीतरी मशीनच्या डोक्याला बाजूने एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) आणि लॉक नट असतो, तो किंचित आवळून थोडा खेळ काढता येतो. तो आवळूनही टकटक उरली, किंवा तसा स्क्रूच नसला, तर तो पीस सोडा.

दुसरी, स्पिंडलची डूल. १० मिमीच्या नव्या एचएसएस बिटचा सरळ दांडा खाली बाहेर राहील असं बिट उलटं धरायचं नाही, कारण कापणारी कडा चकात पकडली तर जबडे खराब होतात. त्याऐवजी १० मिमीची घासून गोल केलेली डॉवेल पिन सोबत न्यावी. ती चकात बसवून शेजारी एक लाकडी ठोकळा ठेवा, त्यातला स्क्रू पिनीला जेमतेम लागेल असा पुढे आणा आणि पुली हाताने हळू फिरवा. झेरॉक्सचा साधा ८० जीएसएम कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. जिथे फट सगळ्यात मोठी दिसते तिथे एक कागद सरकतो आणि समोरच्या बाजूला पीन स्क्रूला नुसती टेकते, एवढ्यावर थांबलं तर लाकूडकामाला चालेल. दोन कागद जात असतील तर प्रश्न आहे. चुंबकी स्टँडचा डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक) असेल तर अर्थात कागदाची गरज नाही, ०.०५ मिमीच्या आत काटा हलला तर मशीन उत्तमच.

डूल जास्त निघाली तरी लगेच मशीनला दोष देऊ नये. चक काढून हीच चाचणी उघड्या स्पिंडलच्या निमुळत्या टोकावर करायची. तिथे काटा शांत असेल तर दोष चकचा, आणि चक ही बदलायची वस्तू आहे. टोकच डुलत असेल तर स्पिंडल वाकडा किंवा बेअरिंग खराब, विषय संपला. ०.२ मिमीच्या डुलीने ३५ मिमीच्या भोकाचं काही बिघडत नाही हे खरं. पण २-३ मिमीची बिटं पटापट मोडतात, आणि पायलट भोकं पाडणं हेच तर या मशीनचं रोजचं काम.

घरी आल्यावर: साफसफाई आणि जोडणी

कॉलम, टेबल आणि स्पिंडलला गंज लागू नये म्हणून चिकट ग्रीस फासलेलं असतं. पूर्वी ते रॉकेलने पुसायचे. आता रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन वापरा. खिडक्या उघड्या ठेवा आणि स्वयंपाकघर शेजारी असेल तर गॅस बंद करूनच काम करा. पिळून काढलेली फडकी बाहेर सुकवून मगच टाका. पाणी लावायचं नाही.

जोडणीत चूक व्हायला फारशी जागा नसते. पायाच्या बैठकीवर कॉलम तीन-चार बोल्टने बसतो, त्यावर टेबल, त्यावर डोकं. डोकं मोटरसकट असतं म्हणून ते उचलायला दुसरा माणूस हवा. एकट्याने कॉलमवर बसवायला गेलं की बोटं सापडतात. डोकं कॉलमवर पूर्ण खाली बसलं की आधी ते बैठकीच्या सरळ रेषेत आणा, मगच बाजूचे ॲलन स्क्रू आवळा.

बैठक थेट कामाच्या टेबलावर नुसती ठेवून मशीन वापरू नये. सगळं वजन वर असतं, लांब फळी लावली की ते कलंडतं. मुंबईच्या घरात कायमची जागा मिळणं कठीण, म्हणून १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून ४५० बाय ३५० मिमीची पाटी करावी, मशीन तिच्यावर बोल्टने पक्कं करावं आणि पाटीच्या पुढच्या कडेखाली एक पट्टी ठोकावी. काम असेल तेव्हा ती पट्टी टेबलाच्या कडेला अडकवून दोन सी क्लॅम्प लावायचे, एरवी मशीन पाटीसकट गॅलरीच्या कोपऱ्यात. गॅलरीत ठेवत असाल तर पावसाचं झोडपं तिथवर येतं का ते आधी बघा. वॉशिंग मशीनखाली घालतात तसले रबरी पाय पाटीखाली लावले की खालच्या मजल्यावरची तक्रार निम्मी होते. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ध्वनिप्रदूषण नियमांतच रात्र धरलेली आहे, आणि दुपारच्या झोपेबद्दल सोसायटीचा नियम त्याहून कडक असतो.

चक बसवणं

या एका पायरीवर घाई केली की पुढे सगळा त्रास. चक स्पिंडलवर आट्यांनी बसत नाही. निमुळतं टोक निमुळत्या भोकात नुसत्या घर्षणाने घट्ट धरतं. दोन्ही पृष्ठभागांवर तेलाचा किंवा ग्रीसचा पातळ थर राहिला तरी चक पहिल्याच जोराच्या कामात खाली पडतो. म्हणून टर्पेंटाइनने पुसल्यावर पुन्हा कोरड्या, स्वच्छ सुती फडक्याने दोन्ही बाजू पुसायच्या आणि मग बोट लावायचं नाही. चकचे जबडे पूर्ण आत घ्या, नाहीतर ठोकताना तेच मार खातील. चक हाताने वर दाबून बसवा, खाली लाकडी ठोकळा धरा आणि लाकडी हातोडीने दोन-तीन ठोके द्या. लोखंडी हातोडी नाही.

डूल चकची निघाली असेल तर चक काढून पाव फेरा फिरवून पुन्हा बसवा आणि मोजा. स्पिंडल आणि चक यांच्या बारीक चुका एकमेकींवर चढतात तशा एकमेकींना खोडूनही काढतात. कुठल्यातरी एका स्थितीत डूल सगळ्यात कमी मिळते. तिथे दोघांवर खडूने किंवा मार्करने खूण करून ठेवा.

या घर्षणाच्या पकडीमुळेच एक गोष्ट करू नये: चकात राउटर बिट लावून लाकूड बाजूने ढकलणं. बाजूचा दाब आणि थरथर मिळून पकड सुटते आणि फिरता चक बिटसकट सुटून अंगावर येतो. पॉलिश पेपरचा ड्रम लावतात, तोही अगदी हलक्या हाताने.

पट्टा आणि वीज

नव्या मशीनची धडधड बहुतेक वेळा पट्ट्याची असते. खोक्यात महिनोन् महिने एकाच आकारात दबून राहिल्यामुळे त्याला घडी पडते. दहा-पंधरा मिनिटं मोकळं चालवलं की ती बरीचशी जाते. नाही गेली तर पट्ट्यावरचा नंबर टिपून त्याच नंबरचा चांगल्या कंपनीचा पट्टा आणावा. इतक्या कमी पैशात मशीनमध्ये एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. दोन्ही पुली एका पातळीत आहेत का, हे पोलादी पट्टी आडवी लावून बघा. वरखाली असेल तर मोटरची पुली तिच्या ग्रब स्क्रूवर सरकवता येते. ताण किती? मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण १० ते १२ मिमी आत जावा. त्याहून जास्त ताणला की आवाजही वाढतो आणि बेअरिंगही लवकर जातात.

साडेतीनशे वॅटची मोटर ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. अर्थिंग मात्र खरं हवं. जुन्या चाळीत तिसऱ्या भोकात वायरच नसते असं कितीदा आढळतं. मशीनच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर काम थांबवा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घरात असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते बघून घ्या. मूळ स्विच साधा टॉगल असेल तर तो काढून एनव्हीआर स्विच बसवावा. त्यामुळे वीज गेली आणि परत आली तर मशीन आपोआप सुरू होत नाही, आणि मोठं लाल बटण न बघताही दाबता येतं.

टेबल काटकोनात आणणं

टेबलावर गुण्या ठेवून बिटला लावून बघणं ही ढोबळ पद्धत झाली. बिटवर वळणदार खाचा असतात, कडा कुठे लागतेय ते नीट कळत नाही. त्यापेक्षा ३.१५ मिमीचा वेल्डिंग रॉड घ्या, त्यावरचा लेप ठोकून काढा आणि तो दोन ठिकाणी वाकवा: वरचा भाग उभा चकात, मधला आडवा १०० मिमी, शेवटचा पुन्हा खाली. प्लग काढून ठेवा. टोकाखाली कागद जेमतेम अडकेल इतकं टेबल वर आणा, टेबलाचा क्लॅम्प आवळा, आणि पुली हाताने फिरवत टोक डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि मागे कॉलमला अडेल तिथवर न्या. सगळीकडे कागद सारखाच अडकला तर टेबल सरळ. क्लॅम्प आवळल्याशिवाय मोजलं तर मोजमाप फुकट, सैल टेबल पुढे झुकतंच.

डाव्या आणि उजव्या टोकांत २०० मिमी अंतर आहे. तिथे १ मिमीचा फरक निघाला तर ४० मिमी खोल भोक खालच्या तोंडाशी ०.२ मिमी सरकतं. दोन कागदांइतका, म्हणजे ०.२ मिमीचा फरक सोडून द्यावा. त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही, दाब दिला की टेबल त्याहून जास्त लवतं.

डावी-उजवी चूक सोपी. टेबलाखालचा मोठा बोल्ट सैल करून टेबल फिरवायचं. काही मशीनमध्ये शून्य अंशावर एक पिन असते आणि तिचं भोकच कारखान्यात चुकीच्या जागी पडलेलं असतं. ती पिन काढून ठेवा, बोल्टच्या घट्टपणावर काम भागतं.

पुढची-मागची चूक जरा किचकट, आणि स्वस्त मशीनमध्ये हीच सापडते. टेबलाची पुढची कड बहुधा खाली गेलेली असते. बैठकीखाली पत्रा सरकवून उपयोग होत नाही, कारण डोकं आणि टेबल दोन्ही एकाच कॉलमवर आहेत, कॉलम कलला तर दोन्ही सोबत कलतात. पत्रा घालायचा तो टेबल आणि ब्रॅकेट यांच्या उभ्या सांध्यात. पुढची कड खाली असेल तर सांध्याच्या खालच्या अर्ध्या भागात, वर असेल तर वरच्या अर्ध्या भागात. थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. कात्रीने पट्टी कापा, एक थर घालून मोजा, लागला तर दुसरा. हे नको वाटत असेल तर पुढे सांगितलेल्या वरच्या लाकडी टेबलाखाली, खाली गेलेल्या कडेला पत्रा घालून मोजत जा.

वरचं लाकडी टेबल

ते तर करावंच लागतं. या मशीनचं मूळ टेबल लोखंड भोसकायला केलेलं असतं, लहान आणि मधोमध मोठं भोक असलेलं. त्यावर लाकूड ठेवून भोक पाडलं की खालच्या तोंडाशी आधार नसतो आणि प्लायचा शेवटचा पदर चिरफाळतो. १८ मिमीचा प्लाय ५०० बाय ३०० मिमी कापा, मूळ टेबलाच्या खाचांतून एम८चे बोल्ट आणि विंग नट लावून बसवा, आणि बिट येतं तिथे ८० बाय ८० मिमीची चौकोनी खाच ठेवा. त्यात त्याच जाडीचा सुटा तुकडा. तो भोकांनी भरला की फिरवायचा, चारी कोपरे आणि पाठ वापरून झाली की नवा टाकायचा.

फेन्सला, म्हणजे मागच्या टेकणीला, ५० मिमी उंचीची सरळ पट्टी पुरते. खालच्या कडेला ३ मिमीचा तिरका काप द्या, भुसा तिथे जातो आणि फळी टेकणीला नीट चिकटते. ही टेकणी टेबलाच्या कडेला समांतर असायला हवी असं अनेकांना वाटतं आणि ते मोजत बसतात. तशी गरजच नाही. भोकाचं अंतर टेकणीपासून बिटच्या मध्यापर्यंतच मोजलं जातं, ती कुठल्याही कोनात असो. एक टोक बोल्टवर अडकवून ठेवा, दुसरं टोक सरकवून माप साधा, सी क्लॅम्प लावा.

वेग, बिटं आणि बिजागरीचं भोक

बिटची बाहेरची कड लाकडावरून किती वेगाने जाते यावर सगळं अवलंबून. ३५ मिमीचं फोर्स्टनर १,४०० आरपीएमवर फिरवलं तर कड मिनिटाला सुमारे १५४ मीटर धावते, ६०० वर ६६ मीटर. पहिल्या वेगात सागवान काळं पडतं आणि बिटची धारही तापून मऊ होते. सागवानात मुळात सिलिका असते, प्लायमध्ये गोंदाचे थर. दोन्ही धार खातात. ढोबळ मानाने ३ ते ६ मिमी साध्या बिटला २,५०० च्या आसपास, १० मिमीला १,५०० ते २,०००, २५ मिमी फोर्स्टनरला ७०० ते १,०००, ३५ मिमीला ५०० ते ७००. ६० मिमीची होल सॉ (गोल, वाटीसारखी करवत) असेल तर सगळ्यात खालचा वेग. वेग कमी करायला पट्टा मोटरच्या सगळ्यात लहान आणि स्पिंडलच्या सगळ्यात मोठ्या पायरीवर.

टोकाला स्क्रूसारखे आटे असलेली ऑगर बिटं इथे लावू नका. ते आटे बिटला स्वतःच आत खेचतात, हँडलला जुमानत नाहीत, आणि फळीसकट उचलतात. लाकडासाठी मध्यटोक असलेली ब्रॅड पॉइंट बिटं, आणि मोठ्या भोकांना फोर्स्टनर.

ऑटो हिंजची कप बिजागरी हे घरच्या कामातलं नेहमीचं प्रकरण. कप ३५ मिमीचा, खोली साधारण १२.५ मिमी, पण हातातली बिजागरी मोजूनच घ्या. कपाची कड दाराच्या कडेपासून ४ मिमी ठेवायची तर बिटचा मध्य १७.५ अधिक ४, म्हणजे २१.५ मिमीवर. टेकणी तेवढ्यावर लावा. खोलीसाठी मशीन बंद असताना बिटची कापणारी कड फळीला टेकवा, डेप्थ रॉडचा (खोली ठरवणाऱ्या दांड्याचा) नट आणि अडणी यांच्यामध्ये १२.५ मिमीच्या बिटचा दांडा धरा, नट तिथवर आणून दुसऱ्या नटने कुलूप करा. पट्टीने मोजण्यापेक्षा हे अचूक. फोर्स्टनरचं मधलं टोक आणखी २-३ मिमी खाली जातं हे विसरू नका. १८ मिमी प्लायमध्ये खाली साडेपाच मिमी उरतात, प्रश्न नाही. १६ मिमीच्या बोर्डात साडेतीनच उरतात, आणि ते टोक समोरच्या सनमायकावर फोड उठवू शकतं. तिथे टोक कानशीने थोडं कमी करावं.

५० मिमीपेक्षा खोल भोक हवं असेल तर आधी जेवढं जाईल तेवढं पाडा, मशीन बंद करा, बिट भोकातच ठेवून टेबल ४० मिमी वर घ्या आणि पुढे चला. बिट आत असल्यामुळे जागा सुटत नाही. मध्येमध्ये बिट वर घेऊन भुसा काढा, नाहीतर तो आतच दबून धूर निघतो.

हात सांभाळा

हातमोजे घालायचे नाहीत. कापड बिटला अडकलं की हात आत ओढला जातो. ओढणी, लांब बाही, मनगटावरचा धागा, मोकळे केस, सगळ्याला हाच नियम. चावी चकातून काढल्याशिवाय दुसरा हात स्विचकडे नेऊ नका. बिट अडकलं तर फळी वरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरते. म्हणून लांब भाग डावीकडे ठेवून कॉलमच्या डाव्या बाजूला टेकवायचा, मग ती फिरायला गेली तरी कॉलमवर अडते. उजवीकडे ठेवलेली फळी सरळ पोटात येते. लहान तुकडे हाताने धरायचे नाहीत, वाइस किंवा क्लॅम्प. लोखंडी पट्टी तर कधीच हातात नाही, भोक आरपार होताना बिट तिला हमखास उचलतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर टेबलावर दोन दिवसांत तांबूस फुली येते. टेबलाला तेल लावलं तर ते लाकडात मुरतं आणि नंतर पॉलिश धरत नाही. म्हणून टेबलाला रंगहीन मेणाचं पॉलिश, कॉलमला आणि क्विलला पातळ मशीन ऑइल. गाडीचं पॉलिश नको, त्यातल्या सिलिकॉनमुळे लाकडावर मेलामाइन किंवा पीयू पॉलिश मारताना डोळ्यांसारखे खड्डे पडतात. गंज आलाच तर हिरव्या घासणीने, थोडं टर्पेंटाइन घेऊन घासा आणि लगेच मेण लावा. चकच्या जबड्यांत तेलाचा एक थेंब, जास्त नाही, कारण तेल वर चढून निमुळत्या टोकापर्यंत गेलं की चक सुटतो. पावसाळा संपल्यावर वेल्डिंग रॉडची चाचणी एकदा पुन्हा करा. लाकडी टेबल दमटपणाने फुगलेलं असतं, मशीन हललेलं नसतं, तेव्हा दुरुस्ती वरच्या प्लायच्या टेबलाचीच करायची.